स्विफ्टवर उतरलेली मिकू : सायतामातील एका इताशा कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

माझ्या पांढऱ्या स्विफ्टच्या डाव्या बाजूला पुढचे आणि मागचे दार जिथे एकमेकांना भिडते, त्या फटीपासून, गाडीवर चिकटवलेल्या चित्रातील हात्सुने मिकू या जपानी गायिका-पात्राचा उजवा डोळा बरोबर चार सेंटीमीटर मागे आहे. हे अंतर योगायोगाने आलेले नाही. चित्र छापायला जाण्याआधी कार्यशाळेच्या मालकांनी दारांवर कागदी चिकटपट्टीने डोळे, हनुवटी आणि खांदा यांच्या जागा आखल्या, दोन्ही दारे चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहिली, दहा पावले मागे जाऊन न्याहाळले आणि पहिली आखणी काढून टाकून पुन्हा नव्याने केली. चौदा महिने ही गाडी वापरल्यानंतर या कामाविषयी लिहायला बसलो असता सर्वांत आधी हेच सांगावेसे वाटते की, अशा कामात आपण पैसे मोजतो ते मुख्यतः या आखणीचे. छपाई तर आज कोणीही नीटनेटकी करून देतो.

जपानमध्ये ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट), मांगा (जपानी चित्रकथा) किंवा व्हिडिओ गेममधील पात्रांची चित्रे अंगावर वागवणाऱ्या खासगी गाडीला ‘इताशा’ म्हणतात. ‘इताई’ म्हणजे दुखणारे आणि ‘शा’ म्हणजे वाहन. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आणि मालकाच्या खिशाला दुखणारे वाहन, असा त्याचा अर्थ लावला जातो. इटालियन गाड्यांनाही जपानी बोलीत ‘इताशा’ हाच शब्द आधीपासून होता, त्यावर केलेला हा श्लेष आहे. मोटारसायकल असेल तर ‘इतान्शा’ आणि सायकल असेल तर ‘इताचारी’. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी गायनाचे जे सॉफ्टवेअर बाजारात आणले, त्याचा चेहरा म्हणजे हात्सुने मिकू. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, तिचे चित्र असलेली गाडी सुपर जीटी या जपानच्या प्रतिष्ठेच्या शर्यतमालिकेत उतरली. गुडस्माइल रेसिंग या संघाच्या मिकू गाडीने तिथल्या जीटी३०० वर्गाचे विजेतेपद २०११, २०१४ आणि २०१७ असे तीन वेळा मिळवले. इताशा हा केवळ हौशी पोरांचा उद्योग आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

मी तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाई येथे राहतो आणि सॉफ्टवेअरचे काम करतो. गाडी जुनीच विकत घेतली होती. तिच्यावर मिकू असावी ही इच्छा मात्र तोक्योतील अकिहाबाराला यूडीएक्स इमारतीच्या पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवशी लागणाऱ्या इताशा पाहून बरीच वर्षे मनात होती. तीन ठिकाणी चौकशी केल्यावर सायतामा प्रांतातील ही कार्यशाळा निवडली. मालक आणि त्यांचा एक सहकारी अशी दोनच माणसे तिथे आहेत. ते वर्षभरात मोजकीच कामे घेतात आणि नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते देत नाही. लहान धंद्याच्या मालकाला इथे आदराने ‘शाचो’ म्हणतात; पुढे मीही तोच शब्द वापरतो.

पहिल्या भेटीतच शाचोंनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. इंटरनेटवरून उतरवलेले चित्र ते छापत नाहीत. चित्रकाराची लेखी संमती हवी आणि पात्राच्या मालकी हक्काचे नियम पाळले गेले पाहिजेत. मिकूच्या बाबतीत हे तुलनेने सोपे जाते, कारण वैयक्तिक, बिनव्यापारी वापरासाठी क्रिप्टनने ‘पियाप्रो’ परवान्याच्या रूपाने स्पष्ट नियम घालून दिले आहेत. दुसरी गोष्ट चित्राच्या आकाराची. सुमारे १८० सेंटीमीटर लांबीचे चित्र इंचाला १५० ठिपके या हिशेबाने छापायचे तर रुंदीत दहा हजारांहून अधिक पिक्सेल लागतात. मोबाइलच्या पडद्यावर देखणे दिसणारे चित्र दारावर मोठे केले की फुटते, रेषांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या होतात आणि हातभर अंतरावरून ते लगेच दिसते. म्हणून मी एका चित्रकार तरुणीकडून ८०,००० येन मानधन देऊन नवे चित्र काढून घेतले. तो खर्च कार्यशाळेच्या बिलात नव्हता.

याच टप्प्यावर शाचोंनी जी चूक पकडली, तिच्यासाठी मी त्यांचा कायम ऋणी राहीन. एकच चित्र काढून घ्यावे, डाव्या बाजूला सरळ लावावे आणि उजव्या बाजूला आरशासारखे उलटे करून लावावे, असा माझा विचार होता. दोन्ही बाजूंना पात्राचे तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असले पाहिजे, नाहीतर ती मागे वळून पळते आहे असे वाटते, आणि त्यासाठी उलटे करणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. शाचोंनी चित्र पडद्यावर उलटे केले आणि बोट फक्त तिच्या दंडावर ठेवले. मिकूच्या डाव्या दंडावर लाल रंगात शून्य-एक हा आकडा असतो. उलट्या चित्रात तो उजव्या दंडावर गेला होता आणि आकडेही उलटे वाचले जात होते. ‘मिकूवर प्रेम करणारा माणूस हे पहिल्या सेकंदात पाहील,’ एवढेच ते म्हणाले. मग उजव्या बाजूसाठी वेगळी मुद्रा काढून घेतली. त्यात तिने डावा हात उंचावून माइक धरला आहे, त्यामुळे दंडावरचा आकडा जागच्या जागी आणि सुलटा दिसतो. चित्रकार तरुणीने या बदलासाठी जास्तीचे पैसे घेतले नाहीत, हे आवर्जून नोंदवतो.

आता आखणीविषयी सविस्तर लिहितो, कारण या सेवेचे खरे मोल तिथे आहे. माझी गाडी २०१७ साली आलेल्या पिढीतली आहे. या स्विफ्टमध्ये मागच्या दाराची मूठ दाराच्या पत्र्यावर नसून वर, काचेच्या मागच्या खांबात दडवलेली आहे. त्यामुळे मागच्या दारावर अडथळा नसलेला सलग पत्रा मिळतो. चेहरा तिथेच बसवायचा, हे शाचोंनी गाडी पाहताक्षणी ठरवले. पुढच्या दाराची मूठ मात्र पत्र्यावर आहे. तिथे त्यांनी मिकूच्या पुढे केलेल्या हाताची काळी बाही येईल अशी रचना केली आणि मूठही त्याच काळ्या रंगात मढवली. आता चार पावलांवरून मूठ दिसतच नाही. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या वर पेट्रोलच्या टाकीचे झाकण आहे, आणि जपानमध्येही आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालत असल्याने फुटपाथवरून लोक हीच बाजू जवळून पाहतात. तिच्या लांब, निळसर-हिरव्या वेणीचा झोत त्या झाकणावरून जातो. झाकणाचा तुकडा वेगळा कापून कडेने आत वळवला आहे आणि केसांची एकही रेघ तिथे तुटलेली नाही. पेट्रोल भरून झाकण लावले की रेघा पुन्हा एकमेकींना मिळतात. मी आजही दर वेळी ते पाहतो.

हे सारे पाहताना मला इचलकरंजीतले मामा आठवले. त्यांचा टेम्पो होता आणि दर दिवाळीआधी त्यावर नाव घालायला एक पेंटर यायचे. फाळक्यावर अक्षरे लिहिण्याआधी ते खडूने आडव्या रेघा ओढत आणि बिजागरी कुठे आहे, फळीची सांध कुठे आहे, हे पाहून अक्षरांची रुंदी कमी-जास्त करत. ‘सांधीवर अक्षर आलं की नाव मोडतं,’ असे ते म्हणत. सायतामातल्या त्या शेडमध्ये कागदी चिकटपट्टी घेऊन उभ्या असलेल्या शाचोंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि खडूची रेघ पुसायची कशाने, एवढा एकच प्रश्न विचारला. ओल्या फडक्याने, असे मी सांगितले.

साहित्याबाबत थोडक्यात. आपल्याकडे गाडीवरच्या चिकटचित्रांना सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, पण त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. रुळांखाली दाबून पातळ केलेली कॅलेंडर्ड फिल्म स्वस्त असते. ती सपाट पत्र्यावर चांगली बसते, मात्र खोलगट जागी ताणून बसवली तर काही महिन्यांत मूळ आकाराकडे परत ओढली जाते आणि कडा सुटतात. द्रवरूपात ओतून वाळवलेली कास्ट फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाडीची, मऊ आणि महाग असते, आणि गाडीच्या वळणांवर तीच टिकते. माझ्या गाडीला थ्री-एम या कंपनीची आयजे१८० मालिकेतील कास्ट फिल्म वापरली आहे. तिच्या गोंदात हवा बाहेर पडण्यासाठी बारीक नाल्या असतात, म्हणून बुडबुडे राहत नाहीत. छपाईवर पारदर्शक संरक्षक थर आहे. छपाई झाल्यावर शाईतला द्रव उडून जाण्यासाठी रोल निदान एक दिवस मोकळा ठेवावा लागतो, मगच वरचा थर चढवायचा. घाई केली तर गोंद बिघडतो. रंगांचे नमुनेही आधी दिले होते. तळहाताएवढे सहा तुकडे दारावर लावून ते दुपारच्या उन्हात आणि रात्री पार्किंगच्या दिव्याखाली पाहा, असे शाचोंनी सांगितले. केसांचा रंग सहाही तुकड्यांत ठीक होता, चेहऱ्याची कांती मात्र चारांत पिवळट दिसत होती. पाचवा तुकडा निवडला.

फिल्म चढवण्याच्या शेवटच्या दिवशी मला शेडमध्ये बसू दिले. आधी धुलाई, मग पत्र्यावरचे डांबराचे आणि लोखंडी कण काढण्यासाठी चिकणमातीसारख्या गोळ्याने घासणे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे. रबराच्या पट्ट्या, मुठी, आरसे, मागचे दिवे काढून क्रमांक घातलेल्या डब्यांत ठेवले होते. दोघांनी मिळून फिल्म हवेत ताणून धरली, मधोमध टेकवली आणि मऊ लोकरी कड लावलेल्या स्क्वीजी नावाच्या पट्टीने मधून बाहेर दाबत नेली. बंपरच्या खोलगट भागात हीट गन लावून फिल्म सैल केली. ती बसल्यावर तिथेच पुन्हा शंभर अंशांच्या आसपास तापवली आणि तापमापकाचा लाल ठिपका जागोजाग फिरवून पाहिला. ताणलेली फिल्म आपला जुना आकार विसरत नाही. दुसऱ्यांदा दिलेली ही उष्णता तो विसरायला लावते. ज्या कार्यशाळेत ही दुसरी तापवणी टाळली जाते, तिथे गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्र्यावर कुठेही कटर चालला नाही हेही मी पाहिले. कापण्यासाठी त्यांनी फिल्मखाली दोऱ्याची टेप घातली होती आणि तो दोरा ओढूनच कडा कापल्या.

एवढे कौतुक केल्यावर तक्रारीही तितक्याच मोकळेपणाने मांडणे माझे कर्तव्य आहे. पहिली तक्रार वेळेची. मेअखेर गाडी मिळेल असे ठरले होते, ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाली. तोवर पावसाळा सुरू झाला होता, आणि दमट हवेत घाईने काम नको हे शाचोंचे म्हणणे मला पटलेही; पण उशीर होणार हे मला तीनदा फोन करून विचारल्यावर कळले. दुसरी तक्रार पैशांची. तोंडी अंदाज ३,६०,००० येनचा होता आणि बिल ३,९८,००० येनचे झाले. दोन्ही बाजू, बॉनेट आणि डिकीचे दार एवढे काम त्यात आहे. वाढलेल्या रकमेत मागचा बंपर आणि आधीच्या मालकाचे जुने स्टिकर काढण्याची मजुरी होती. दोन्ही कामे आवश्यकच होती, मात्र ती सुरू करण्याआधी विचारायला हवे होते. तिसरी तक्रार बंपरच्या उजव्या कोपऱ्याची. सातव्या महिन्यात तिथली कड बोटभर सुटली. वर्षभराच्या हमीत ती फुकट बसवून दिली, पण त्यासाठी मला दोन वेळा सायतामाला जावे लागले, कारण पहिल्या वेळी त्या भागाची छापलेली फिल्मच तयार नव्हती. चौथी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. पुढे कधी फिल्म उतरवायची झाल्यास किती खर्च येईल आणि मूळ रंगाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हे कुठेही लिहून दिले नव्हते. फिल्म लावणे हे अर्धेच काम आहे. ती तापवून, तिरप्या कोनात, सावकाश ओढून काढावी लागते, आणि फिल्म जितकी जुनी तितका गोंद मागे राहतो. ग्राहकाला हे पहिल्याच दिवशी कागदावर मिळाले पाहिजे.

दोन उन्हाळे आणि एक हिवाळा पाहिल्यावर आजची स्थिती अशी आहे. दारांवरची चित्रे जवळजवळ पहिल्या दिवसासारखी आहेत. बॉनेटवर ऊन थेट पडते, त्यामुळे तिथल्या गुलाबी आणि लालसर छटा थोड्या फिक्या झाल्या आहेत. आडव्या भागांचे आयुष्य उभ्या भागांपेक्षा कमी असते, हे मला आधीच सांगितले होते. ब्रश फिरणाऱ्या यांत्रिक धुलाईत गाडी कधीच घातली नाही. हातानेच धुतो, आणि दाबाच्या पाण्याचा फवारा कडांपासून दूर ठेवतो. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढतो, कारण उन्हात ती वरच्या थराला खाते. फेब्रुवारीत गाडीची ‘शाकेन’, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी, विनाअडचण पार पडली. पुढची काच आणि पुढच्या दारांच्या काचा पूर्ण मोकळ्या ठेवल्या होत्या. नियम तिथेच कडक आहेत आणि त्या काचांतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. मिकूच्या कपाळावरचे केस मागच्या दाराच्या काचेवर चढतात, तिथे बारीक छिद्रांची फिल्म आहे. आत बसलेल्याला बाहेरचे दिसते.

रोजच्या वापरात या गाडीने मला जे दिले त्याचा हिशेब येनमध्ये मांडता येत नाही. योकोहामाच्या दाइकोकू या महामार्गावरील थांब्यावर गाडी उभी केली की अनोळखी माणसे येऊन झुकून विचारतात, ‘फोटो काढला तर चालेल का?’, आणि काढताना नंबरप्लेट हाताने झाकतात. ही शिस्त मला फार आवडते. मार्चमध्ये आई साताऱ्याहून आली होती. विमानतळाच्या पार्किंगमध्ये ती गाडीभोवती एक फेरी मारून थांबली आणि म्हणाली, ‘अरे, केस किती सुंदर काढलेत रे हिचे! कोण आहे ही?’ मी सांगितले, गाणारी आहे. तिने झाकणावरच्या त्या वेणीवर हात फिरवला आणि सांध कुठे आहे ते बोटाने शोधले. तिला ती सापडायला वेळ लागला.

महाराष्ट्रात अशी गाडी करावी असे वाटणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, म्हणून मूळ रंग पूर्ण झाकणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा. काचांवर फिल्म लावण्याच्या बाबतीतही आपल्याकडे कडक नियम आहेत, तेव्हा चित्र पत्र्यापुरतेच ठेवा. रेडियमवाल्याला पहिला प्रश्न फिल्म कास्ट आहे की कॅलेंडर्ड, हा विचारा. दुसरा, दाराच्या मुठी काढून काम करणार की भोवतीने कापणार. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून कारागीर कळतो. उन्हाचा विचार केला तर विदर्भ-मराठवाड्यात बॉनेटवर चेहरा लावू नये, दारावर लावावा.

ही कार्यशाळा मी इतरांना सुचवेन का? हो, चित्रावर मनापासून प्रेम आहे आणि थांबायची तयारी आहे, अशा माणसाला नक्कीच. ज्याला ठरलेल्या तारखेला गाडी हवी आहे, त्याला नाही. मी स्वतः ऑक्टोबरमध्ये बॉनेटची फिल्म बदलून घेणार आहे. परवा शाचोंचा ईमेल आला. या वेळी अंदाजपत्रक लेखी आहे आणि त्यात जुनी फिल्म काढण्याचा खर्च वेगळ्या ओळीत लिहिला आहे.